विहिरीपासून एकशे दहा पावलं

आमच्या चिपळूणच्या घरी तुळशीशेजारी एका फुटक्या बादलीत शमी होती. आईने ती नर्सरीतून आणली होती आणि देवघरातल्या देवांइतकाच तिचा मान होता. गणपतीत पत्री गोळा करताना शमीची पानं तोडायचं काम माझ्याकडे असे. बोटांत काटे जात आणि मी कुरकुरत असे. पावसाळा सरता सरता तिला लोंबती फुलं येत, अर्धी गुलाबी, अर्धी पिवळी. त्यामुळे शमी कशी दिसते हे मला कोणी शिकवायची गरज नाही, असं मी आयुष्यभर धरून चाललो. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, शारजापासून तासाभरावरच्या एका पडीक शेतात, हे धरून चालणं महागात पडलं. मला कमी महागात पडलं, दुसऱ्याच एका माणसाला जास्त.

मी मूळचा बांधकामावरचा माणूस. वीस वर्षं दुबई-शारजात टॉवरच्या साइटवर सुपरवायझर होतो. मग कंपनीकडे बांधकामाची कामं कमी झाली आणि मला लँडस्केपिंगच्या बाजूला सरकवलं. "जमीन म्हणजे जमीनच," असं मॅनेजर म्हणाला आणि मलाही ते पटलं. ज्याने तीस-तीस मजले उभे केले, त्याला चार झुडपं उपटायला काय अवघड, असा माझा तोरा होता.

धैद गाव ओलांडून डोंगर सुरू होतात त्या बाजूला एका म्हाताऱ्या अरबाबचं शेत होतं. अरबाब म्हणजे मालक. आमचे कामगार शेताच्या मालकाला असंच म्हणतात, मीही तसंच म्हणायला लागलो. त्यांच्या विहिरीचं पाणी खारट झालं, खजूर वाळले, मुलं नोकऱ्यांसाठी अबू धाबीला गेली, आणि दहा-बारा वर्षांत शेतात वेड्या बाभळीचं रान माजलं. आपल्याकडे रेल्वेच्या कडेला आणि गावाबाहेर माजते तीच ही. आत शिरलेल्या माणसाचा शर्ट शाबूत बाहेर येणार नाही, असं ते रान होतं. ते काढायचं, जमीन नीट करायची आणि तिथे इथलीच गवतं नि झुडपं पेरायची. विकायला नाही, बकऱ्यांना नाही, तर डोंगरातल्या हरणांना खायला. हरणांसाठी शेती हे ऐकून मी ऑफिसात हसलो होतो.

अरबाब पहिल्या दिवशी विहिरीजवळच्या बोराच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले होते. वय ऐंशीच्या पुढे. चाळीस वर्षं हिंदुस्थानी आणि पाकिस्तानी कामगारांबरोबर काढल्यामुळे त्यांना हिंदी येत होती, स्वतःच्याच चालीची. माझ्याकडे बघताना ते मान वळवून तिरके बघत. त्यांना काचबिंदू झाला होता. दोन्ही हात कानांशी धरून ते हळूहळू डोळ्यांसमोर आणत गेले, दाराच्या दोन फळ्या लावाव्यात तसे, आणि मध्ये बोटभर फट ठेवली.

"अभी इतना दिखता है," ते म्हणाले. "डॉक्टर बोला, ये सर्दी का मौसम दिखेगा. अगला सर्दी मालूम नहीं."

लहानपणी पहाटे डोंगरातून हरणं या शेतात उतरत, हे त्यांनी मला सांगितलं. वडिलांच्या मांडीवर बसून ते बघत. मग हे काटेरी रान वाढलं आणि हरणं यायची थांबली. त्यांना मरायच्या आधी काय हवं होतं ते एवढंच होतं, आणि खरं म्हणजे मरायच्याही आधी, ती फट बंद व्हायच्या आधी. "एक बार देखना है. एक हिरन, इधर खाता हुआ. बस."

आणि त्यांनी एकच अट घातली. "सब काटो. गाफ मत काटो. हिरन गाफ के लिए आता है." गाफ म्हणजे इथलं वाळवंटातलं झाड, इथे त्याला फार मान आहे, आणि परवानगीशिवाय ते तोडणं गुन्हा आहे. अरबाबांच्या वडिलांनी लावलेला एक गाफ शेतात होता. "कुएँ से उस तरफ," त्यांनी हात केला, "एक सौ दस कदम."

मी "इन्शाल्ला अरबाब" म्हणालो आणि रानाच्या कडेकडेने फिरून आलो. हायवेवर दिसतात तसा उंच, झुकत्या फांद्यांचा गाफ मी शोधत होतो. तसं एकही झाड नव्हतं. जे होतं ते सगळं छातीइतक्या उंचीचं, गुंतलेलं, काटेरी. पावलं मोजायला आत शिरायला हवं होतं, आणि शर्ट मला प्यारा होता. मी रिपोर्टमध्ये लिहून टाकलं की गाफ आढळला नाही, बहुधा वाळून गेला असावा. अरबाबांना हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी टाळलं.

माझ्या हाताखाली आठ माणसं होती. त्यांचे मुकादम साठीला टेकलेले, सांगोल्याकडचे, आखातात सव्वीस वर्षं काढलेले. सगळे त्यांना काका म्हणत, मीही. मोसम संपला की ते कायमचे गावी जाणार होते. बोलायला कमी आणि कामाला वाघ, पण एक खोड होती. साहेब चुकला की ते फार तर दोनदा सांगत. तिसऱ्यांदा सांगत नसत.

काम ऑक्टोबरात सुरू झालं आणि चौथ्याच दिवशी दसरा आला. सकाळी साइटवर पोचलो तर काकांनी ताडपत्रीवर सगळी हत्यारं मांडली होती. फावडी, कुऱ्हाडी, कोयते आणि मधोमध कंपनीची पेट्रोलवर चालणारी करवत. सगळ्यांना हळदकुंकू आणि मीना बाजारातून आणलेल्या झेंडूचं एकेक फूल. आमच्यातले दोघे केरळचे आणि एक पेशावरचा होता. तेही हात जोडून उभे होते. मलाही बरं वाटलं, बूट काढून मी नमस्कार केला. मग काका रानाच्या तोंडाशी गेले, आत वाकून शिरले आणि मूठभर पाला घेऊन आले. तो त्यांनी करवतीवर वाहिला.

"हे काय, काका? वेड्या बाभळीचं सोनं लुटायचं काय यंदा?" मी म्हणालो. मला स्वतःचा विनोद फार आवडला.

"बाभळ न्हाई साहेब, सौंदड हाय ही," काका म्हणाले. "आमच्याकडं दसऱ्याला हिलाच पूजत्यात. शमी म्हणत्यात ती हीच की."

मी त्यांना शमी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आमच्या दारात होती, आई रोज पाणी घालायची, गुलाबी-पिवळी फुलं येतात, पानं किती नाजूक असतात वगैरे. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

त्यानंतर दोन दिवसांनी आम्ही कापत कापत, काकांनी पाला तोडून आणला होता त्या जागी पोचलो. इतर झुडपांच्या गर्दीत हेही एक झुडूप होतं, कमरेपेक्षा थोडं उंच, बकऱ्यांनी वर्षानुवर्षं कुरतडून गोल केलेलं. काकांनी करवत बंद केली आणि मला हाक मारली.

"साहेब, काटा बघा. वेड्या बाभळीचा काटा जोडीनं येतो, पेराला. हिचा बघा, बारका, एकेकटा, मधीच. ही सौंदड हाय. आन् रस्त्याकडंचा तो मोठा गाफ हाय न्हवं, त्यो बी सौंदडच. बकऱ्यांनी खाल्ली म्हणून वाढली न्हाई ही."

ऊन चढलं होतं. दुपारच्या आत तो पट्टा साफ करायचा होता आणि मॅनेजरचे दोन फोन येऊन गेले होते. शिवाय आठ माणसांसमोर मुकादम साहेबाला झाड शिकवतोय हे मला झोंबलं. माझा पारा चढला. "काका, शमी मी अंगणात वाढवलीय. मला नका सांगू. यल्ला, चला, कापा," मी म्हणालो.

काकांनी पायातली चप्पल काढली. झुडपाला हात लावून तो कपाळाला लावला, पुन्हा चप्पल घातली आणि करवत सुरू केली. अर्ध्या मिनिटाचं काम. आत बुंधा बराच जाड निघाला, माझ्या मांडीएवढा. एवढ्याशा झुडपाला एवढा बुंधा, असं क्षणभर वाटलं आणि मी पुढच्या झुडपाकडे वळलो. कापलेल्या प्रत्येक बुंध्यावर लगेच ब्रशने औषध लावायचं असतं, नाहीतर वेडी बाभूळ खालून पुन्हा फुटते. मुळं खणली तर खालचा खार वर येतो, म्हणून मशिन लावायचं नव्हतं. औषधाचा डबा काकांकडे होता.

त्या संध्याकाळी अल मजाजला घरी चहा पिताना मी हा किस्सा रंगवून सांगितला. बायको हसली. मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, तिने न विचारता शोधून काढलं. मग आईच्या शमीचा जुना फोटो माझ्याच फोनमधून काढून तिने दोन्ही चित्रं शेजारी धरली.

"बाबा, आजीज प्लांट इज नॉट शमी. इट्स समथिंग एल्स. नर्सरीज सेल इट अ‍ॅज शमी," ती म्हणाली. "युवर काका वॉज राइट. शमी इज गाफ. सेम ट्री."

मी दोन्ही चित्रं पाहिली. काटा पाहिला, बारका, एकेकटा, पेरांच्या मध्येच. आई चाळीस वर्षं जिला पाणी घालत होती ती भलतीच कोणी होती, आणि खरी शमी समोर आली तेव्हा मी तिच्यावर करवत चालवायला लावली होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी साइटवर गेलो. विहिरीच्या काठाला पाठ लावली आणि चालायला लागलो. आता रान नव्हतं, जमीन मोकळी होती, मोजायला काही अडचण नव्हती. माझं एकशे चौथं पाऊल त्या बुंध्याशी पडलं. अरबाबांची पावलं माझ्यापेक्षा थोडी लहान असणार. मग काका आले तेव्हा दुसरीकडे बघत विचारलं, "काका, इथे औषध लावलंत का हो?" काका म्हणाले, "तुम्ही सांगितलेलं काम मी कधी टाकलंय का, साहेब?"

शुक्रवारी अरबाब आले. ड्रायव्हरने त्यांना खुर्चीत बसवलं. मोकळ्या झालेल्या जमिनीकडे त्यांनी मान हलवून हलवून तुकड्यातुकड्याने बघितलं आणि खूश झाले. मग विचारलं, "गाफ कैसा है?"

त्या वेळी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? फार तर नोकरी गेली असती, दंड झाला असता, पोलिसात जावं लागलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात त्या दोन सेकंदांत येऊन गेलं, आणि त्याशिवाय त्यांचा आनंदी चेहरा समोर होता. तो मोडवला नाही, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. खरी गोष्ट अशी की मी घाबरलो. "अच्छा है, अरबाब. खड़ा है," मी म्हणालो.

"हमको उतना दूर दिखता नहीं," ते म्हणाले. "तू देख उसको."

त्यानंतर दर शुक्रवारी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. एकदा त्यांनी मला तिथे घेऊन चल म्हटलं, तेव्हा मी जमीन उकरलेली आहे, पाय मुरगळेल, काटे आहेत, असं काहीबाही सांगितलं. ते लगेच "खलास, खलास", म्हणजे राहू दे, असं म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत टेकले. मला वाटलं, निभावलं.

काम मात्र मी जीव ओतून केलं, हे खोटं नाही. वेड्या बाभळीच्या वाळक्या शेंगा वेचून पोत्यांत भरायला लावल्या, कारण एकेक शेंग म्हणजे पुढच्या दहा वर्षांचं दुखणं. जमिनीवरचा पांढरा खार फावड्याने खरवडून काढला. टँकरने गोडं पाणी आणून तीन वेळा जमीन धुतली. रस्त्याकडून कुंपण घातलं, शेजाऱ्यांच्या बकऱ्या आणि उंट तिकडूनच येत, आणि डोंगराकडची बाजू उघडी ठेवली. गवताचं बी आलं तेव्हा काकांनी ते तळव्यावर घेऊन फुंकर मारली. "हे तर आमचं धामण," ते म्हणाले. नोव्हेंबरच्या अखेरीस पेरणी झाली. डिसेंबरात एक चांगला पाऊस झाला आणि जानेवारीत जमिनीवर हिरवी लव दिसायला लागली. बायको म्हणे, तू घरच्या कुंड्यांना कधी इतकं जपलं नाहीस. मी तिलाही खरं सांगितलेलं नव्हतं.

इतके दिवस मी त्या बुंध्याकडे फिरकणं टाळलं होतं, पण त्याच जानेवारीत एका सकाळी त्याच्याजवळून चाललो होतो. कोणीतरी त्याच्याभोवती दगडांचं कडं केलं होतं. आणि बुंध्याच्या बाजूने वीतभर उंचीचे सात-आठ कोवळे फुटवे वर आले होते. मी गुडघ्यांवर बसलो. पान तपासलं, काटा तपासला. औषध लावलेल्या बुंध्याला फुटवे येत नाहीत.

काका लांब उभे होते. मी त्यांना बोलावलं. "काका, तुम्ही म्हणाला होतात..."

"त्या दिवशी डबा संपला हुता, साहेब," ते म्हणाले. "सांगायचं राहिलं."

डबा संपला नव्हता. तो पाच लिटरचा डबा त्याच सकाळी मी स्वतः भरून दिला होता. म्हणजे खोटं तेही बोलले होते आणि मीही, पण त्यांच्या खोट्याने झाड वाचलं होतं. मला तिथेच त्यांचे पाय धरावेसे वाटले. धरले नाहीत, साहेबपणा आडवा आला. आणि त्याहून वाईट म्हणजे मला हायसं वाटलं. आता कबूल करायची गरजच नाही, झाड वाढेल, दोन वर्षांत कमरेएवढं होईल, कोणाला काही कळणार नाही. पुढच्या शुक्रवारी "गाफ कैसा है" या प्रश्नाला मी अगदी मोकळ्या आवाजात उत्तर दिलं.

अरबाबांच्या दोन हातांमधली फट मात्र मिटत चालली होती. जानेवारीत ते चहाचा कप चाचपडून घेऊ लागले. फेब्रुवारीत माझ्याशी बोलताना माझ्या खांद्याकडे बघत बोलत. पेरलेल्या पट्ट्यात ससे आले, लेंड्या दिसल्या, तितर आले. हरीण येत नव्हतं. मी रोज पहाटे निघून उजाडायच्या आत साइटवर पोचत असे, मातीवर खुरं शोधत असे. कधी नव्हे तो मी देवाला नवस बोललो.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका सकाळी मातीत खुरं उमटलेली सापडली. छोटी, टोकदार, डोंगराकडून आलेली आणि परत गेलेली. मी लगेच ड्रायव्हरला फोन केला. दुसऱ्या दिवशी फटफटताना आम्ही तिघे पिकअपमध्ये बसलो होतो. मी स्टिअरिंगवर, मध्ये अरबाब, पलीकडे काका. काच खाली, इंजिन बंद. अरबाबांनी स्वच्छ पांढरा कंदुरा, इथला पायघोळ झगा, घातला होता, अत्तर लावलं होतं. लग्नाला निघाल्यासारखे ते आले होते.

डोंगराची कड उजळली आणि ती आली. एकच मादी, बारीक, मातकट रंगाची, पोटाशी पांढरी. दर चार पावलांना थांबत, कान फिरवत. आम्ही चार महिने खपून वाढवलेल्या धामणाच्या पट्ट्यातून ती सरळ चालत गेली, त्याला तोंडही लावलं नाही. दगडांच्या कड्याशी थांबली, मान आत घातली आणि गाफाचे कोवळे शेंडे खाऊ लागली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी अरबाब समोर तोंड करून बसले होते, पण त्यांची नजर काचेच्या चौकटीवर कुठेतरी होती. हरीण तिथून साठ-सत्तर पावलांवर होतं. त्यांना ते दिसत नव्हतं. फट बंद झाली होती, आणि हे त्यांनी आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतं.

"है?" त्यांनी हळूच विचारलं.

"है, अरबाब," मी कुजबुजलो. "सामने. गाफ खा रही है."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीही हललं नाही. मग त्यांनी मान दुसऱ्या बाजूला, काकांकडे वळवली.

"बाबा, तू बोल."

"है, अरबाब," काका म्हणाले. "एक मादी है. गाफ का पत्ता खाती है. कान हिलाती है."

तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. तोंडातल्या तोंडात अल्लाचे आभार मानले, दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले आणि काकांचा हात आपल्या हातात घेतला. "और बोल," ते म्हणाले. काका सांगत राहिले. शिंगं केवढी, पोट कसं, मागचा पाय कसा टेकवते. ती डोंगरात परत जाईपर्यंत काका सांगत होते आणि अरबाब डोळे मिटून बघत होते.

मला राहवलं नाही. "अरबाब, मैं भी वही बोला था."

"हाँ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तू ये भी बोला था, गाफ खड़ा है."

अरबाबांना त्यांच्या ड्रायव्हरकडे सोडून परत येताना काकांनी मला सगळं सांगितलं. नोव्हेंबरात मी एका शुक्रवारी रजेवर होतो. अरबाब त्या दिवशी खुर्चीतून उठले आणि ड्रायव्हरला तिथेच थांबवून विहिरीपासून काठी टेकत चालायला लागले, मोठ्याने पावलं मोजत. काका मागोमाग गेले. एकशे दहाला ते थांबले, खाली बसले आणि दोन्ही हातांनी जमीन चाचपली. कापलेला बुंधा हाताला लागला तेव्हा त्यांनी त्याच्यावर तळवा ठेवला. काकांनी त्यांना सांगितलं की कापला आहे, पण मेलेला नाही, औषध लावलेलं नाही. मग त्या दोघांनी मिळून दगडांचं ते कडं रचलं.

"मी म्हणलं, साहेबांना सांगू का? तर अरबाब म्हणाले, न्हाई, त्याला काय बोलू नको. त्यो सवताच सांगल." काका समोर रस्त्याकडे बघत पुढे म्हणाले, "दर शुक्करवारी म्हणूनच इचारत हुते, साहेब."

मी गाडी बाजूला घेतली. पुढे चालवता येईना. तीन महिने दर शुक्रवारी ते माझ्यासाठी दार उघडं ठेवत होते, आणि मी दर शुक्रवारी ते लावून घेत होतो.

त्याच दिवशी मी परत जाऊन सगळं कबूल केलं. आईची शमी, माझा तोरा, भीती, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि "खलास" म्हणाले. तक्रार केली नाही. माझी नोकरी आहे, व्हिसा आहे. त्यांचा चहा आहे, चौकशी आहे, माझी मुलगी कितवीत आहे ते त्यांना माहीत असतं. पण मी काही सांगितलं की ते मान हलवतात आणि मग ड्रायव्हरला तेच विचारतात. मुद्दाम नाही. सवयीने.

काका एप्रिलमध्ये गावी गेले. निरोप देताना मी अखेर त्यांचे पाय धरले. ते ओशाळून मागे सरकले, "असू द्या, असू द्या साहेब" म्हणाले.

आता दुसरा हिवाळा आहे. शेताची देखभाल माझ्याकडेच आहे, मी ती मागून घेतली. गाफ माझ्या कमरेएवढा झाला आहे. त्याच्याबद्दल मी अरबाबांना काही सांगत नाही. त्यांचा हात धरून विहिरीपासून मोजत नेतो आणि तो हात फांदीवर ठेवतो. नवी पालवी ते स्वतः चाचपून बघतात, काटा टोचला की हसतात. एवढं मला जमतं. पण हरणाला हात लावता येत नाही.

म्हणून ज्या सकाळी हरणं येतात त्या सकाळी मी सांगोल्याला व्हिडिओ कॉल लावतो. तिथे तेव्हा आठ वाजलेले असतात, काका अंगणात चहा पीत असतात. मी मोबाइल काचेबाहेर धरतो. पण इतक्या लांबचं त्या फोनमध्ये काय दिसणार, मातीवर माती. पहिल्या वेळी काकांनी डोळे बारीक करून बघितलं आणि मराठीत हळूच विचारलं, "साहेब, मला काय सुदिक दिसंना. किती हाईत?"

"चार," मी म्हणालो. "तीन माद्या, एक पिल्लू. गाफाजवळ आहेत. पिल्लू आईच्या पोटाखाली शिरतंय."

"खरं न्हवं?"

"खरं, काका."

"हां, आता तुम्ही खोटं न्हाई बोलायचं," ते म्हणाले आणि मोठ्या आवाजात हिंदीत सांगायला लागले, "चार है, अरबाब! तीन मादी, एक बच्चा. बच्चा माँ के पेट के नीचे घुसता है."

माझ्या शेजारी, हातभर अंतरावर, अरबाबांचा चेहरा फुलला. माझं खरं सांगोल्याला जाऊन आलं, तेव्हा त्यांना पटलं. तेव्हापासून दर वेळी असंच चाललं आहे. हात भरून येतो, पण काकांचं बोलून होईपर्यंत मी फोन खाली घेत नाही.